दुसरा फोटोग्राफर पाहिजे

१८ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर नाव लिहितात म्हणून लिहितो: प्रभुलिंग, वय त्रेपन्न, शिवगंगा फोटो स्टुडिओ, मंगळवार पेठ, कोल्हापूर. लग्नाचे फोटो काढण्यात अठ्ठावीस वर्षं. ही वही कुणी वाचू नये. स्नेहल वाचणार नाही याची खात्री आहे. बायकोला माझ्या विचारांत काडीचा इंटरेस्ट नाही.

लिहायला घेण्याचं कारण, आजचा अपमान.

मे महिन्यातल्या लग्नाचा अल्बम आज वेळेवर तयार झाला. नवरीची आई न्यायला आली. सगळा चाळला, परत पहिल्यापासून चाळला आणि विचारलं, आमचं तात्या कुठं हायत? म्हणजे तिचे वडील. नाकात नळी घालून, व्हीलचेअरवर बसवून दहा मिनिटांसाठी आणले होते म्हणे. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि परत दवाखान्यात. ऑगस्टमध्ये वारले.

आता मी त्या वेळी स्टेजवर वराकडच्या एकवीस जणांचा ग्रुप लावत होतो. एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही, हे मी शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, मग दुसरा माणूस ठिवायचा की ओ, कुणी नको म्हटलंय?

तेवढ्यात स्नेहल आतून आली. लाईट धरता धरता जुन्या कॅमेऱ्यातून तिनं उगाच दोन-चार फोटो मारले होते. त्यात तात्या निघाले. नात वाकलेली, म्हाताऱ्याचा हात तिच्या डोक्यावर, नळी वगैरे सगळं. बाई काउंटर धरून रडायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्या स्टुडिओत बॅकअपची सिस्टीम असते.

पण मुद्दा राहतोच. हे 'दुसरा फोटोग्राफर' नवीन फॅड आहे. त्या गेल्यावर मी स्नेहलला म्हणालो, देवळात पुजारी कधी दोन असतात का? ती म्हणाली, अंबाबाईच्या देवळात जावा आणि मोजून या.

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. म्हणून वही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मोठी पार्टी! इचलकरंजीचे रुद्राप्पा. स्वतःची लूमची तीन शेडं. मुलगी वर्षाराणी, लग्न १६ फेब्रुवारीला. खुर्चीत बसता बसता पहिलं वाक्य: प्रभुलिंगअण्णा, फोटोग्राफर दोन पायजेत. एक नवरीकडं, एक नवऱ्याकडं. एकाच माणसावर शेड सोडली की मागं धागा तुटतो आणि कुणाला कळत न्हाय.

तुमच्याकडं दुसरा हाय न्हवं?

मी म्हणालो, आहे. असायला पाहिजे, म्हणजे आहेच.

आमच्याकडंच का आले तेही कळलं. वर्षाराणीनं मैत्रिणीच्या लग्नातला आमचा एक फोटो बघितला होता. नवरी आरशासमोर, आई मागं उभी राहून गजरा माळतेय, आणि दोघी आरशात एकमेकींची नजर चुकवतायत. ज्यांनी ह्यो काढला तेच पायजेत म्हणून पोरगी हटून बसली. मी नम्रपणे मान झुकवली. कधी काढला ते आठवत नाही. इतके काढतो. नवरीच्या खोलीत बायका मला सोडत नाहीत हे खरं, पण त्या दिवशी सोडलं असेल.

स्नेहल चहा घेऊन आली होती. कप जरा जोरात ठेवला, बशीत सांडला. पार्टीसमोर असं बरं दिसत नाही. नंतर तसं सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा ठेवावा की न ठेवावा. शांत डोक्यानं विचार.

ठेवावा: पार्टीला शब्द दिला आहे.
न ठेवावा: बाकी सगळं.

दुपारी जेवताना स्नेहल म्हणाली, मी हाय की. दुसरा म्हणून मलाच धरा.

मला हसू आलं. वाईट अर्थानं नाही. मी तिला नीट समजावलं. तू लाईट धरतेस, अल्बम लावतेस, नवरीच्या खोलीत जाऊन चार फोटो मारतेस, ही झाली मदत. फोटोग्राफर म्हणजे जबाबदारी. शिवाय चारचौघांत काय दिसेल? प्रभुलिंगला माणूस मिळेना म्हणून बायको उभी केली.

ती म्हणाली, सत्तावीस वर्सं उभारलोयच की. मग भाकरी वाढली. पटलं असावं.

२ डिसेंबर, सोमवार

पहिला इंटरव्ह्यू. सम्राट. डोक्यावर केसांचा बुचडा, गळ्यात दोन कॅमेरे. तो स्वतःला फोटोग्राफर म्हणत नाही, 'स्टोरीटेलर' म्हणतो. मी त्याला काही विचारायच्या आधी त्यानंच विचारलं, सर, तुमचं काम कुठं बघायला मिळंल? मी म्हणालो, कोल्हापूरच्या भिंतींवर बघ. त्याला मोबाईलवर म्हणायचं होतं.

शोकेससमोर बराच वेळ उभा राहिला. एका फोटोवर बोट ठेवलं: मांडवातल्या खुर्चीत झोपलेली म्हातारी, हातात अर्धा लाडू. म्हणाला, ह्यो एक नंबर हाय, बाकीचं ठीक. मी थँक यू म्हणालो. स्नेहल आतल्या कॉम्प्युटरवर बसली होती, तिला ठसका लागला.

कामाचं बोलणं जवळजवळ झालंच होतं. शेवटी पठ्ठ्या म्हणतो, मी काढलेल्या फोटोंखाली माझं नाव पडायला पाहिजे.

माझ्या अल्बमवर दुसऱ्याचं नाव! कळवतो म्हणालो आणि वाटेला लावला. ह्या लोकांना काम नको असतं, नाव पाहिजे असतं.

८ डिसेंबर, रविवार

राजवीरची ट्रायल. हा ड्रोनवाला. पेठेतल्याच एका साखरपुड्याला नेला. मी आधीच सांगितलं होतं, मला वरून काही नको, खाली उभं राहून दोन फोटो काढून दाखव. पण ड्रोन आणलाच होता, म्हणून उडवला.

नवरीची आत्या चिमणाबाई. पहाटेपासून कंबर मोडून अंगणभर रांगोळी घातलेली, मधोमध दोघांची नावं. ड्रोन नेमका तिथं उतरला. नवऱ्याचं नाव गेलं ते गेलंच, नवरीचं अर्धं राहिलं. उरलेला रंग पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांवर. चिमणाबाई ओरडल्या, ए पावण्या, त्यो भुंगा आदी बंद कर, न्हाय तर चपलीनं पाडतो बघ! राजवीर म्हणाला, वाऱ्यामुळं झालं. मी म्हणालो, टेक्नॉलॉजीत असं होतं. त्यावर चिमणाबाई मला जे बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही.

स्नेहल लाईट खाली ठेवून त्यांच्याबरोबर जमिनीवर बसली. दोघींनी अर्ध्या तासात रांगोळी परत घातली. त्यातच तिनं आत्याबाईंच्या हातांचे फोटो काढले म्हणे. ते कशाला? साखरपुडा काय हातांचा होता?

राजवीर बाद.

५ जानेवारी, रविवार

कॅमेऱ्याला प्रॉब्लेम आहे. चार महिने फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर, येतायत. लोकांना कळत नाही, पण माझ्या नजरेतून सुटत नाही. (म्हणजे स्नेहलनं दाखवल्यावर सुटलं नाही.) दुरुस्तीला दिला होता, आज परत आणला. दुरुस्तीवाला म्हणाला, कॅमेरा ठणठणीत हाय साहेब, तुमी एकदा डोळं दाखवा. घ्या! स्क्रू पिळणाऱ्याला आता डोळ्यांचंही कळायला लागलं. परत त्याची पायरी चढणार नाही.

घरी सांगितलं तर स्नेहल म्हणाली, दिवाळीपासनं मी तेच सांगायलोय.

माझे डोळे उत्तम आहेत. रोज पेपर वाचतो. हल्ली छपाई पुसट करतात, तो भाग वेगळा.

२० जानेवारी, सोमवार

निर्णय झाला. दुसरा फोटोग्राफर ठेवायचा नाही. आतापर्यंत पाच जण बघितले. एकाला नाव पाहिजे, एकाला भुंगा उडवायचा, एक जण मला 'अंकल' म्हणाला, एकाचं स्वतःचंच लग्न त्याच तारखेला, आणि पाचव्यानं फोन उचलला नाही.

प्लॅन: स्नेहल नेहमीसारखी नवरीच्या खोलीत. मी बाकी सगळीकडं. म्हणजे पार्टीला दोन माणसं दिसतील आणि स्टुडिओची शिस्तही राहील. याला मॅनेजमेंट म्हणतात.

रुद्राप्पांना फोन केला. दुसरा ठरला म्हणून सांगितलं. अनुभवी आहे, घरातलाच आहे. ते म्हणाले, घरातला म्हंजे बरंच झालं की अण्णा.

खोटं एक अक्षर बोललो नाही.

२७ जानेवारी, सोमवार

स्नेहलला प्लॅन सांगितला. तिनं कांदा चिरायचं थांबवलं नाही. म्हणाली, रुद्राप्पांना दुसरा ठरला म्हणून सांगितलंय न्हवं? मग अल्बमवर दोन नावं घाला. तुमचं वर, माझं खाली. बारक्या अक्षरात चालंल.

मी म्हणालो, डिझाईनमध्ये जागा नाही.

ती म्हणाली, शेवटचं आख्खं पान मोगऱ्याच्या फुलांचं हाय, ते मीच लावतो. फुलं काढतो.

मी म्हणालो, प्रश्न फुलांचा नाही, ब्रँडचा आहे. लोक स्टुडिओचं नाव बघून येतात. उद्या लोक विचारतील, कुठला फोटो कुणी काढला? कसं सांगायचं? ती म्हणाली, सांगायचं, खरं काय ते.

मग सुरी खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, मग मी इचलकरंजीला येत न्हाय. तुमी जावा.

भांडण नाही, रडणं नाही. त्यामुळं सिरियस घेण्यासारखं काही नाही. सत्तावीस वर्षांत एकही लग्न चुकवलेलं नाही तिनं. मुलीच्या, अनुजाच्या वेळी आठवा महिना होता तरी मांडवात लाईट धरून उभी होती. येईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माझी बॅग भरली. तिची भरलेली नाही. आमची थोरली बहीण, आक्का, संध्याकाळी येऊन सांगून गेली की उद्या पहाटे दोघी जोतिबाला निघणार. रविवार हाय, देवाचा वार हाय, लई दिवस जायचं म्हणत होती बिचारी. बिचारी! मी आक्काला विचारलं, आणि उद्याच्या लग्नाचं काय? आक्का म्हणाली, तुझं लगीन हाय व्हय?

सख्खी बहीण.

ठीक आहे. मी एकट्यानं अठ्ठावीस वर्षं हा धंदा ओढला आहे. उद्या बघतीलच सगळे.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायला वेळ नव्हता, पण मुद्दाम खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं. तसंच उतरवतो.

७.४५. पोचलो. हॉल मोठा. नवरीची खोली वरच्या मजल्यावर, नवऱ्याची मैदानाच्या पलीकडं. मुद्दाम बांधल्यासारखं अंतर.

९.२०. रुद्राप्पांनी विचारलं, दुसरा कुठाय? नवरीकडं आहे म्हणालो.

९.४०. नवरीच्या मावशीनं विचारलं, दुसरा कुठाय? नवऱ्याकडं आहे म्हणालो. दोन्ही बाजू समाधानी.

१०.१५. जिना सहा वेळा. डेकोरेशनवाल्याच्या माणसाला लाईट धरायला सांगितलं. त्यानं नवऱ्याच्या डोळ्यांत धरला.

१०.४०. नवरीच्या खोलीत शेवटी सोडलं. मी आत गेलो आणि सगळ्या बायका गप्प. पदर सावरले, पाठी ताठ. आमच्याकडच्या फोटोंत बायका इतक्या मोकळ्या हसतात, इथल्या अशा का कोण जाणे. इचलकरंजीचा स्वभाव असेल.

वर्षाराणी म्हणाली, काका, तो आरशातला तुमीच काढलाय न्हवं? मी हो म्हणालो. तिनं आईला मागं उभं केलं. तसाच काढा मग. मी नीट लावून दिलं: आई, गजरा धरा. मान खाली. आता दोघींनी डोळ्यांत पाणी आणा. आईला हसू आलं, मग मुलीला आलं, मग सगळ्या खोलीला. तेवढ्यात मी फ्लॅश मारला. आरशात फ्लॅश उमटला आणि फ्लॅशच्या मागं मी. चार फोटो काढले, चारही फोटोंत माझं पोट. वर्षाराणीनं कॅमेऱ्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. कॅमेरा हळूच माझ्या हातात परत दिला. चांगली मुलगी आहे.

१२.३५. अक्षता. मी नवऱ्याच्या बाजूला होतो. लग्न लावणाऱ्या जंगमांचं मंगलाष्टक संपताना लक्षात आलं की इथून नवरी दिसत नाही, तिच्या मामाची पाठ दिसते. पलीकडं जायला पळालो. मधे वायर, मधे दोन खुर्च्या, मधे एक झोपलेलं पोर. पोचेपर्यंत हार पडलेले, वाजंत्री सुरू. नवरी-नवऱ्याला परत हार काढून घालायला सांगितलं. जंगम म्हणाले, लगीन एकदाच लागतंय.

१.४५. जेवणावर रुद्राप्पा आले. त्यो दुसरा जेवला का? म्हणालो, बसतोय आता. त्यांनी वाढप्याला हाक मारून त्याचं ताट माझ्यासमोर मांडलं. कुणी येईना, वाढपी तिथंच उभा. शेवटी तेही मी खाल्लं. नंतर जिना चढताना त्रास झाला.

५.१०. पाठवणी. मी गाडीच्या पुढं होतो. रुद्राप्पा जनरेटरच्या मागं जाऊन एकटेच भिंतीला कपाळ टेकून रडत होते, असं नंतर ऐकलं. मला कुणी सांगितलंच नाही.

६.००. स्नेहलचा मेसेज. जोतिबाच्या पायरीवर आक्का, गुलालानं माखलेली, तोंड उघडून हसतेय. मोबाईलवर काढलेला. आक्काचा एक-एक दात शार्प.

एकंदरीत कार्यक्रम उत्तम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोटो कॉम्प्युटरवर घातले. एकवीसशे. कॅमेरा गेलाय, यात आता शंका नाही. ग्रुप फोटो ठीक आहेत, माणसं रांगेत आहेत. पण जवळचं सगळं धुक्यात. नवरीचा चेहरा म्हणजे खिरीत पडलेला बत्तासा.

स्नेहल मागं उभी राहून सगळे बघत होती. 'सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. तेवढं तरी म्हणायला हवं होतं. मग म्हणाली, इकडं या. माझ्या डाव्या डोळ्यावर तिचा तळहात ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. मी म्हणालो, त्यात काय, फेब्रुवारी. ती म्हणाली, पान मी आत्ताच उलटलंय. मार्च हाय.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. दोन वर्षं तरी जुना, म्हणाले. म्हणजे मी ज्या डोळ्यानं फोटो काढतो तोच.

रिक्षात मी म्हणालो, डॉक्टर काहीही बोलतो. दोन वर्षांचे आपले अल्बम तर शार्प आहेत.

ती बाहेर बघत म्हणाली, व्हय. अल्बम शार्प हायत.



२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टुडिओ उघडला नाही. दोन वर्षांचे अल्बम कॉम्प्युटरवर काढून बसलो, डावा डोळा लावून. प्रत्येक फोटोत कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ते लिहिलेलं असतं. मी कधी बघितलं नव्हतं. कशाला बघायचं?

ग्रुप माझे. स्टेज माझं. जेवणाच्या पंगती माझ्या.

बाकी सगळे जुन्या कॅमेऱ्याचे. रडणाऱ्या आया, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारणारा भाऊ, पायातलं पैंजण, लाडूवाली म्हातारी. आरसा. ज्या ज्या फोटोसाठी लोकांनी माझा हात हातात घेतला, ते सगळे.

म्हणजे दोन वर्षं ही बाई माझ्या पाठीमागं माझे फोटो काढून टाकत होती आणि स्वतःचे घालत होती. मला न विचारता. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?

विचारणार होतो. ती दळण घेऊन आली. पिठानं केस पांढरे झालेले. विचारलं नाही. मोठेपणा दाखवला.

२ मार्च, रविवार

रुद्राप्पा आले. बरोबर वर्षाराणी, हातातली मेंदी अजून गेलेली नाही. मी तयारी करून ठेवली होती: हॉलचा लाईट खराब, कॅमेऱ्याचा बिघाड, दुसरा माणूस ऐनवेळी आजारी.

रुद्राप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. अण्णा, अक्षतेचा एक तरी फोटू दावा. पोरीचं तोंड दिसंल असा. मी शोधायचं नाटक केलं. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला. कुणातरी भाच्यानं मागच्या रांगेतून काढलेला फोटो, मधे कुणाचा तरी फेटा. ह्योच घाला मोठा करून, म्हणाले. मला एकच पोरगी हाय.

मी मोबाईल हातात घेऊन फेटा खोडता येईल का ते बघत राहिलो. 

मग वर्षाराणीनं विचारलं, काका, खरं सांगा. तो आरशातला फोटो कुणी काढलाय?

मी म्हणालो, स्टुडिओचा आहे.

आतून स्नेहल म्हणाली, मी काढलाय.

ती दारात येऊन उभी राहिली.  वर्षाराणी उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, काकू, मग तुमी का नाही आलात ओ? मी वाट बघत होतो. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता सगळं बोलणार. ती एवढंच म्हणाली, चुकलं माझं. तुझ्यासाठी तरी यायला पायजे होतं. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर अल्बममधल्या इतक्या बायकांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. हिच्या बघायची वेळ आली नव्हती.

जाताना वर्षाराणी म्हणाली, १८ मेला माझ्या नणंदेचं लग्न आहे, याल? मी लगेच म्हणालो, येऊ की! ती म्हणाली, नाही काका. मी काकूंना विचारतोय.

१० मार्च, सोमवार

गुरुवारी ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं कापड. वही एका डोळ्यानं लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. स्नेहल वेळेवर ड्रॉप घालते. 

फोन सारखे वाजतात. मी उचलतो. समोरून विचारतात, मॅडम आहेत का?

४ एप्रिल, शुक्रवार

पट्टी निघून तीन आठवडे झाले. सगळं लख्ख दिसतंय. स्टुडिओची पाटी किती मळली आहे तेही दिसलं. स्नेहलच्या कानामागचे केस पांढरे आहेत. पीठ नव्हे.

मेच्या लग्नाला दोन फोटोग्राफर लागणार. पार्टीची अटच आहे, आणि स्नेहल दुसरा शोधतेय असं फोनवरच्या बोलण्यावरून कळलं. मी मन मोठं करायचं ठरवलं आहे. तिनं विचारलं तर 'हो' म्हणायचं. लगेच नाही. आधी थोडं गप्प बसायचं, मग म्हणायचं, ठीक आहे, तुझ्यासाठी येतो.

७ एप्रिल, सोमवार

अजून विचारलेलं नाही. लाजत असेल.

११ एप्रिल, शुक्रवार

आज कसबा बावड्याची प्रियदर्शनी म्हणून एक जण आली. आधी बालवाडीत शिकवायची. पोरांचे फोटो काढता काढता शिकली म्हणे. दोघी आत दोन तास बसल्या. मधे हसण्याचा आवाज. मी पासपोर्ट फोटो कापत होतो. जाताना ती मला नमस्कार करून म्हणाली, येते सर, अठराला भेटूच मॅडमबरोबर.

संध्याकाळी सरळ विचारलं. दुसरी ठरवलीस? ती म्हणाली, व्हय.

मी म्हणालो, मला विचारायचं होतंस. डोळा बरा झालाय. काम मला येतं. घरातला माणूस आहे.

ती बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसली. मग म्हणाली, तुमी चांगलं फोटो काढता ओ. खरंच. ग्रुप तुमच्यासारखं कुणाला लावाय येत न्हाईत. पर तुमास्नी दुसरं व्हायला जमायचं न्हाय.

मी म्हणालो, जमेल.

 तिनं मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडं बघितलं, रागानं नव्हे. मग म्हणाली, पुढच्या वर्सी बघू.

१७ मे, शनिवार

तिच्या बॅगची चेन अडकली होती. मी मेण लावून दिली. थँक यू म्हणाली. आम्ही कधी एकमेकांना थँक यू म्हणत नाही.

नवं कार्ड छापून आलंय. वर तिचं नाव, खाली प्रियदर्शनीचं. मोगऱ्याची फुलं नाहीत. तरी पत्ता आमच्याच स्टुडिओचा आहे. बघायला गेलं तर ब्रँड माझाच.

१८ मे, रविवार

सकाळी साडेसहाला दोघी गेल्या. मी गाडीपर्यंत गेलो. जाताना तिनं काच खाली करून सांगितलं, डाळ झाकून ठिवलीय.

नऊला स्टुडिओ उघडला. पाटी पुसली. दुपारपर्यंत कुणी नाही. रविवार असल्यामुळं असेल.

साडेचारला मागच्या गल्लीतल्या धोंडुबाई आल्या. पेन्शनच्या फॉर्मला दोन फोटो पाहिजेत. मी स्टूल पुसून ठेवलं, पडदा सरळ केला. त्या दारातच उभ्या. म्हणाल्या, स्नेहल न्हाय व्हय? मी म्हणालो, मी आहे की. बसा. त्या म्हणाल्या, नको बाबा. तिला माझ्या तोंडाची सवय हाय. उद्या येतो.

उद्या स्टुडिओ उघडाच असतो, तरी मी म्हणालो, उद्या बंद आहे.

त्या म्हणाल्या, व्हय? मग परवा.